जू, म्होरकी आणि फास

गेल्या जूनमधली गोष्ट. सकाळी सव्वासहाला फोन वाजला. आदल्या रात्री दीडपर्यंत अमेरिकेबरोबर कॉल चालला होता, त्यामुळे मी अर्धवट झोपेत. वॉचमनकाका म्हणाले, "दादा, खाली या, बाबा पडलेत."

खाली गेलो तर बाबा गेटपाशी ओल्या फरशीवर बसलेले, डावं मनगट धरून. आणि बंड्या, म्हणजे आमचा पावणेदोन वर्षांचा, अर्धा लॅब्रॅडोर, अर्धा गावठी, अठ्ठावीस किलोंचा ऐवज, शेजारी उभा राहून त्यांचा कान चाटतोय. समोरून मांजर गेलं होतं. बस्, एवढंच.

मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "आज मनगट मोडलं, उद्या खुबा मोडला तर? तू बघ, त्याला कुठेतरी चांगल्या घरी दे." बाबा काहीच बोलले नाहीत. गळ्यात पट्टा असलेले, हाडं दिसणारे लॅब्रॅडोर रस्त्यावर कधी पाहिलेत? त्यातले बरेचसे असेच कधीतरी 'चांगल्या घरी' दिलेले असतात.

मग मी आपल्या जमातीला शोभेल असंच वागलो. प्रॉब्लेम आला, लगेच टूल शोधलं. दुकानदार म्हणाला, "चोक चेन घेऊन जा साहेब, दोन दिवसांत सरळ होतो." दीडशे रुपये. चकचकीत साखळी, एका टोकाला कडी, ओढलं की आवळते. आणि खोटं कशाला बोलू, चालली की ती! बंड्या ओढायचा, मी झटका द्यायचो, बंड्या मागे यायचा. पंधरा दिवस मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक, बंड्या खोकायला लागला. कोरडा, घशात काहीतरी अडकल्यासारखा खोकला. आणि दोन, समोरून कुत्रा दिसला की जो आधी शेपूट हलवत ओढायचा, तो आता दात दाखवून भुंकायला लागला. डॉक्टरांनी गळा चाचपला आणि म्हणाले, "औषध देतो, पण आधी ती साखळी काढा. घसा दुखावलाय त्याचा."

खोकल्याचं समजलं. भुंकण्याचं कोडं सुटायला मला आणखी आठवडा लागला. जरा बंड्याच्या बाजूने बघा. दुसरा कुत्रा दिसतो, आनंदाने पुढे जावं तर गळ्याला कचकन फास. पुन्हा कुत्रा, पुन्हा फास. मला वाटत होतं मी त्याला 'ओढू नकोस' हे शिकवतोय. तो शिकला, 'दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो.' आम्ही एक बग बंद केला आणि त्याहून मोठा उघडला.

तेव्हा पहिल्यांदा मी नीट विचार केला की हे पट्टे नेमकं करतात तरी काय. आणि गंमत म्हणजे उत्तर आजोबांच्या गोठ्यात सापडलं.

बैलाकडून ओझं ओढून घ्यायचं तर आपण जू खांद्यावर ठेवतो, गळ्यात दोर बांधत नाही. कारण सगळी ताकद खांद्यात आणि छातीत. आता पाठीवर कडी असलेला हार्नेस बघा. जोर छातीवर येतो, गळा मोकळा. बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना याच तत्त्वाचा हार्नेस घालतात. म्हणजे गळ्याच्या दृष्टीने उत्तम, पण ओढणाऱ्या कुत्र्याला आपण जूच देतो! 'हार्नेस घेतला आणि हा जास्तच ओढायला लागला' ही तक्रार खोटी नसते.

दुसरी म्होरकी. गुराचं डोकं ताब्यात तर गुरू ताब्यात. कुत्र्यांसाठी हेच 'हॉल्टी' किंवा 'जेंटल लीडर' या नावांनी मिळतं. नाकाभोवती आणि कानांमागे पट्टी, ओढलं की तोंड तुमच्याकडे वळतं. कमी ताकदीच्या माणसाला उपयोगी, पण आधी काही दिवस घरात खाऊ देत देत सवय करावी लागते. आणि लांब दोरीला लावून कुत्र्याला धावू दिलं तर मान जोरात पिरगळू शकते. बंड्याने ती तीन दिवस रस्त्यावर तोंड घासून काढायचा प्रयत्न केला. सोसायटीतल्या काकू लांबूनच विचारायच्या, "चावतो का हो?" चौथ्या दिवशी मी नाद सोडला.

तिसरा फास. चोक चेन, आतून काटे असलेला पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा, सगळे एकाच घराण्यातले. यांचं काम फक्त दुखवण्यावर चालतं. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, जर्मनीत २०२२ पासून प्रशिक्षणात काट्यांचे पट्टे वापरता येत नाहीत. आपल्याकडे मात्र साखळी दुकानात दर्शनी भागात टांगलेली.

आणि फास नसलेला साधा पट्टाही ओढणाऱ्या कुत्र्याला निर्धोक नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गळ्यातल्या पट्ट्याला जोर देऊन ओढणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला. हार्नेस घातल्यावर तसा वाढला नाही. श्वासनलिका, थायरॉइड, मोठ्या रक्तवाहिन्या, सगळं त्या चार बोटं जागेत. पग किंवा पोमेरेनियन असेल तर विचारूच नका. साधा पट्टा हवाच, पण नाव-नंबराचा बिल्ला लावायला, आणि आत दोन बोटं जातील इतका सैल. ज्यांची मान डोक्यापेक्षा जाड, त्यांच्या डोक्यातून तो निसटतो, त्यांच्यासाठी मार्टिंगेल असतो, ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा. तो पळून जाऊ नये म्हणून, ओढणं थांबावं म्हणून नाही.

शेवटी आम्ही छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस घेतला. ओढलं की कुत्रा पुढे जाण्याऐवजी बाजूला वळतो, त्यामुळे जोर लागत नाही. पण हा झाला वर्कअराउंड. मूळ प्रश्न असा की कुत्रा ओढतोच का?

तर ओढून फायदा होतो म्हणून! ओढलं की खांबापाशी पोचता येतं. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीतल्या मांजरांवर प्रयोग करून हेच मांडलं होतं, ज्या कृतीतून हवं ते मिळतं ती कृती पुन्हा होते. आणि रोज मिळायची गरजही नाही. मटक्याचा नाद लागतो तो रोज आकडा लागतो म्हणून नाही, कधीतरी लागतो म्हणून. सोमवार ते शुक्रवार थांबलात आणि शनिवारी घाईत ओढू दिलंत, की बंड्याचा आकडा लागला.

म्हणून उपाय कंटाळवाणा आहे. दोरी ताणली की आपण पुतळा. सैल झाली की चालायचं. आपल्या मांडीशेजारी चालला की पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा. आणि अधूनमधून 'जा' म्हणून मनसोक्त हुंगू द्यायचं, कारण त्याच्या लेखी फिरणं म्हणजे तेच. पहिल्या दिवशी गेटपासून दूधवाल्यापर्यंतचे दोनशे मीटर जायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. लोक थांबून बघत होते.

यावर काही ट्रेनर म्हणतात की फास वाईट नाही, वापरणारा चुकतो. योग्य क्षणी, योग्य जोराचा झटका, लगेच सैल. असेलही. पण इतकं अचूक टायमिंग ज्याच्याकडे आहे, त्याला पनीरच्या तुकड्यावरही कुत्रा शिकवता येईल. आणि ज्याच्याकडे नाही, म्हणजे मी, तुम्ही, दीडशे रुपये देणारे सगळेच, त्याच्या चुकीची किंमत कुत्र्याचा गळा देतो. पनीर चुकीच्या वेळी दिलं तर फार तर कुत्रा जाड होईल.

माझं मत विचाराल तर साखळी खपते ती कुत्र्यांमुळे नाही, आपल्या घड्याळामुळे. सकाळचा कॉल, बस, ट्रॅफिक, या सगळ्यात कुत्र्याला वीस मिनिटांत 'उरकायचं' असतं. ओढत बंड्या होता, पण घाई माझी होती. मी रात्री जागायचो म्हणून चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात अठ्ठावीस किलोंचा न शिकवलेला कुत्रा दिला होता. आणि बाबा पडल्यावर शिक्षा कुणाला? बंड्याला. हे अजून टोचतं.

असो. आता नोव्हेंबर आहे. बाबांचा हात ठीक आहे, पावसात मात्र मीच जातो. कुत्रे दिसले की बंड्या अजून भुंकतो. आम्ही लांबूनच वळतो, पनीर देतो, अंतर हळूहळू कमी करतोय. जे तीन आठवड्यांत बिघडवलं ते चार महिन्यांत निम्मं सुधारलंय. मांजराच्या बाबतीत काहीही प्रगती नाही, ते मी सोडून दिलंय.

आईने 'चांगल्या घरी'चा विषय पुन्हा काढलेला नाही. मी विचारलंही नाही. फक्त हल्ली सकाळी ओट्यावर पनीरचे बारीक तुकडे केलेली डबी आयती ठेवलेली असते.