जामीन कोण राहणार?

परक्यासाठी जामीन राहू नये, राहिल्यास पाठीखालचे अंथरूणही जाईल, या आशयाचा नीतिसूत्रांतील उपदेश आमच्या समाजात चांगलाच मुरला आहे. शत्रूवर प्रीती करण्याच्या आज्ञेचा ज्यांना सोयीस्कर विसर पडतो, त्यांनाही हा उपदेश तोंडपाठ असतो. न्यायालयात कुणासाठी उभे राहण्याची वेळ आली की तो ढालीसारखा पुढे केला जातो. या ढालीपलीकडे किती माणसे गजाआड दिवस कंठीत आहेत, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा आहे असे. शंभरांतील पंचाहत्तरांहून अधिक! हे सर्व निर्दोष आहेत किंवा सर्वच जामिनास पात्र आहेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांत असेही दुर्दैवी जीव असतात की ज्यांना न्यायाधीशाने जामीन मंजूर केलेला असतो आणि तरीही तुरुंगाचे दार उघडत नाही. का? तर त्यांच्यासाठी सही करणारे कोणी नसते.

ही सही म्हणजे नेमके काय, हे आमच्या सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. आरोपीने स्वतःच ‘मी तारखेला हजर राहीन’ असे लिहून दिले की तो जातमुचलका. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी हमी घेतली की तो हमीदार, म्हणजेच जामीनदार. जामीनदार आरोपीच्या निर्दोषपणाची ग्वाही देत नाही. तो हजर राहील, एवढीच हमी देतो. त्यासाठी ओळखपत्र, रेशन कार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला असे कागद न्यायालय मागते. आरोपी फरार झाल्यास न्यायालय जामीनदारास प्रथम खुलासा विचारते. रकमेत सूट देण्याचाही त्यास अधिकार आहे. रक्कम भरली नाही व वसूलही झाली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हेही आम्ही लपवू इच्छीत नाही. मात्र विश्वास उडाल्यास हमीतून मोकळे होण्याचा अर्ज जामीनदाराला केव्हाही करता येतो.

चांगली माणसे मागे सरली की त्यांची जागा रिकामी राहत नाही. न्यायालयांच्या व्हरांड्यांत ‘जामीनदार मिळवून देतो’ म्हणणारे दलाल उभे असतात. बनावट रेशन कार्ड आणि खोटा दाखला घेऊन आलेला भाडोत्री इसम, ज्याला त्याने कधी पाहिलेही नाही, अशा आरोपीचा हितचिंतक बनतो. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत हा धंदा उघडपणे चालतो. तिथला परवानाधारक दलाल सामान्यतः जामिनाच्या रकमेच्या दहा टक्के फी घेतो आणि आरोपी निर्दोष सुटला तरी ती परत करीत नाही. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांवर आधारलेला जामीनच रद्द केला. आपल्या कायद्याने या व्यापाराला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे जामीनदार हा ओळखीचा, जिव्हाळ्याचा माणूस असावा अशी अपेक्षा आहे. म्हणूनच जवळचा दलाल कुठे मिळेल, हा प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबाला दलालाचा पत्ता देणे हे उत्तर नव्हे. जवळचा शेजारी कुठे गेला, हाच खरा प्रश्न होय.

न्यायसंस्थेने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याची हमी नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट धुडकावून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात हमी देता न आल्यास आरोपीस निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद पुढे कायद्यात आली. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये, महिन्याभरात हमी न मिळाल्यास न्यायालयाने अट शिथिल करण्याचा स्वतःहून विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी बजावले. गरीब कच्च्या कैद्यासाठी आर्थिक मदत देण्याची केंद्राची योजनाही आहे. मग घोडे अडते कुठे? निरक्षर कैद्याला यांतले काहीच ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना सवड नसते. कायद्याला पाय नसतात. ते माणसांनी द्यावे लागतात.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. नीतिसूत्रांचा रोख उतावळ्या आर्थिक हमीवर आहे. संकटातल्या माणसाकडे पाठ फिरविण्याचा तो परवाना नव्हे. बेन सिराच्या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायात, भला मनुष्य शेजाऱ्यासाठी जामीन राहतो असे सांगून, स्वतःच्या ऐपतीचे भान ठेवण्याची सूचनाही दिली आहे. धाकट्या बन्यामीनसाठी यहूदा जामीन राहिला. थेस्सलनीका येथे पौल व सीला यांच्यापायी यासोनाला नगराच्या अधिकाऱ्यांपुढे जामीन द्यावा लागला. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात याची नोंद आहे. आणि इब्री लोकांस पत्रात तर प्रभू येशूलाच उत्तम कराराचा जामीन म्हटले आहे. ज्या धर्माचा तारणारा स्वतः जामीन राहिला, त्या धर्माच्या अनुयायांनी जामीन या शब्दाला भ्यावे काय?

‘पोलिसांनी धरले म्हणजे काहीतरी केलेच असेल’ असे म्हणणाऱ्यांनी फादर स्टॅन स्वामींचे स्मरण करावे. झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारा हा येशूसंघीय धर्मगुरू ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटकेत पडला आणि ५ जुलै २०२१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जामिनाची वाट पाहता पाहता वांद्र्याच्या रुग्णालयात निवर्तला. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी मेणबत्त्या लागल्या. त्यांनी ज्यांच्यासाठी देह झिजविला, त्यांच्यासाठी एक सही मात्र महाग!

गुन्ह्याने होरपळलेल्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांचे अश्रू आम्हांस परके नाहीत. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला चालतोच. दारिद्र्यापायी भोगलेला तुरुंगवास पीडिताला न्याय देत नाही.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आणि वसईच्या किल्ल्यात ‘मिझेरिकॉर्दिया’ ही भाविकांची बंधुसंस्था होती. कैद्यांचा समाचार घेणे हे तिच्या कार्यांपैकी एक. आज त्याच वसईत परप्रांतीय बिगारी आणि डोंगरातला वारली हमीअभावी आत राहतो, आणि आमच्या वाड्यांचे सातबारे कपाटात सुरक्षित पडून असतात.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. प्रत्येक धर्मग्रामाने, वकील भाविकांच्या सल्ल्याने, जामीन राहण्यास तयार असलेल्या दहा कुटुंबांची यादी करावी. माणसाची चौकशी करावी, रक्कम ऐपतीपलीकडे जाऊ देऊ नये, त्याच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि त्या दिवशी त्याच्यासोबत न्यायालयात जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, मोफत वकील मिळतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक देवळाच्या फलकावर लागावा. तुरुंगात मला भेटायला आलात काय, हा प्रश्न अंतिम न्यायाच्या दिवशी आम्हां सर्वांना विचारला जाणार आहे. तेव्हा नीतिसूत्रांची ढाल पुढे करून भागणार नाही.