जुगाड म्हणू नका

मराठीत लिहिणाऱ्या आणि मराठीत अनुवाद करणाऱ्या मंडळींकडे माझी एक तक्रार आहे. 'जुगाड' हा शब्द वापरणं काही वर्षं थांबवा. कौतुकानं तर मुळीच वापरू नका.

हा शब्द आपला नव्हे, हे माझं कारण नाही. परक्या शब्दांवर माझं पोट चालतं. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात जुगाड म्हणजे एक ठरावीक वस्तू असे. पाणी उपसायचं डिझेल इंजिन लाकडी-लोखंडी सांगाड्यावर बसवून केलेली गाडी. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं या गाड्यांनाही मोटार वाहन कायदा लागू आहे असं सांगितलं, म्हणजे न्यायालयालासुद्धा ती नेमकी कोणती गाडी ते ठाऊक होतं. त्याच्या आदल्या वर्षी 'जुगाड इनोव्हेशन' हे इंग्रजी पुस्तक आलं, व्यवस्थापनाच्या वर्गांत शब्दाची आरती सुरू झाली, आणि तिथून तो लेखांत, परीक्षणांत, कथासंग्रहांच्या मलपृष्ठांवर उतरला. आता गरीब माणसानं काहीही दुरुस्त केलं की ते जुगाड. एखाद्या संग्राहकानं जुनी मोटार उभी केली की मात्र ते 'रिस्टोरेशन'. हात बहुतेक वेळा त्याच मिस्त्रीचे असतात.

माझा या भांडणाशी संबंध असा. मी बडोद्याला राहते आणि गेली तीन वर्षं डभोईजवळच्या सासरच्या शेतावर एक जुना बी-२७५ ट्रॅक्टर उभा करण्याच्या कामात मदतनीस आहे. मदतनीस म्हणजे वही सांभाळणारी, फोन करणारी, आणि कुठला भाग कुठल्या डब्यात आहे ते लक्षात ठेवणारी. काम मिस्त्रींचं आहे. दीर आणि मी सुटे भाग शोधत फिरतो.

'मूळ भाग मिळत नाहीत का हो?' असं साहित्यातले मित्र हमखास विचारतात. मूळ म्हणजे कुठलं? बी-२७५ हा मॅककॉर्मिक इंटरनॅशनलचा ट्रॅक्टर. कंपनी अमेरिकन, कारखाना इंग्लंडात डॉनकास्टरला, आणि तिथून तो १९५८ साली बाहेर पडला. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि तोच ट्रॅक्टर मुंबईत तयार होऊ लागला. त्या काळात इकडे हेच चाललं होतं. आयशर जर्मन, टाफेमागे मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्सबरोबर पोलंडचा उर्सुस, पिंजोरला एचएमटीच्या कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाचा झेटर. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत रेखाटलेला स्वराज बाजारात आला तो १९७४ साली. त्यानंतर या सगळ्या यंत्रांना पन्नास वर्षं देशी बेअरिंगं, देशी सील, देशी पिस्टन लागत गेले. 'मूळ' शोधायला निघालेल्या माणसाला डॉनकास्टरला जावं लागेल, आणि तिथंही बहुधा त्याला कुणी भारतातल्या दुकानाचाच पत्ता देईल.

ज्याला आपण 'मिळत नाही' म्हणतो, त्यातलं बरंचसं मिळतं. फक्त त्याचं नाव बदलून मागावं लागतं. ट्रॅक्टरच्या दुकानात जाऊन 'बी-२७५ च्या अमुक शाफ्टचं ऑइल सील' मागितलं की मान हलते. तेच सील काढून, पुसून, त्याचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे घेऊन सीलच्या दुकानात गेलं की पाच मिनिटांत पुढ्यात येतं. बेअरिंगचंही तेच. ६२०५ म्हटलं की जगात कुठंही आत २५, बाहेर ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटरचंच बेअरिंग हातात पडणार, मग ते ट्रॅक्टरमधलं असो की पिठाच्या गिरणीतलं. कुठली वस्तू कंपनीची आणि कुठली मापाची, हे ओळखणं ही शोधाची पहिली विद्या. दिल्लीचं कश्मीरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट, मुंबईची नागदेवी स्ट्रीट, सगळीकडचे जुने दुकानदार ही विद्या जाणतात. तुम्ही मॉडेलचं नाव घेतलंत की ते तुम्हाला नवखे समजतात.

आट्यांची गोष्ट याहून अवघड. १९५६ च्या कायद्यानं देश मेट्रिक मापांकडे वळला आणि पुढच्याच दशकात हे इंचांतले ट्रॅक्टर इथं बनू लागले. शिवाय इंच-इंचांतही भेद. व्हिटवर्थनं १८४१ साली आखलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून ठरवलेल्या आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या जाड आट्याच्या बोल्टला पहिल्यात इंचाला १२ आटे, दुसऱ्यात १३. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही. नट दोन फेरे खुशाल बसतो, तिसऱ्याला अडतो, आणि तिथं पान्याला जोर लावणारा माणूस मिस्त्रींच्या शिव्या खातो. ते आधी आटेमापी लावून बघतात. ती कंगव्यासारखी पात्यांची जुडी त्यांच्या खिशात असतेच. यात जुगाड कुठं आहे?

आता गिअरचं. गिअरबॉक्समधल्या एका गिअरचे तीन दात उडाले होते. भंगारात मिळालेला गिअर आमच्याच गिअरइतका झिजलेला होता, तेव्हा नवा कापून घ्यायचं ठरलं. हिशेब असा: साध्या गिअरचे दात मोजा, त्यात दोन मिळवा, बाहेरच्या व्यासाच्या इंचांनी भागा. समजा २२ दात आणि व्यास चार इंच. म्हणजे डायमेट्रल पिच सहा. मेट्रिकमध्ये याला मॉड्यूल म्हणतात, आणि २५.४ ला सहानं भागलं की ४.२३ येतात. बाजारात चारचा कटर सहज मिळतो, सव्वाचारचाही मिळतो. सव्वाचार आणि ४.२३ यांत फरक तो किती? पण त्या फरकावर गिअर सुरुवातीला गुणगुणतो, मग ओरडतो, आणि वर्षभरात शेजारच्या गिअरलाही घेऊन जातो. मकरपुऱ्याच्या दोन गाळ्यांत 'सव्वाचारमध्ये करून देऊ, चालेल' असं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, 'भाभी, चालशे अने रहेशे, ए बे वात जुदी छे.' चालणं वेगळं, टिकणं वेगळं. सहा पिचचा कटर असलेला माणूस शेवटी राजकोटला सापडला.

त्यानं पहिला प्रश्न विचारला तो पोलादाचा. दाताचा पृष्ठभाग कडक हवा आणि आतला गाभा चिवट हवा. आरपार कडक केला तर दात काचेसारखा तुटतो, मऊ ठेवला तर झिजतो. म्हणून कार्बन शोषून घेणारं पोलाद घ्यायचं, भट्टीत वरचा थर कडक करून आणायचा, आणि मग ग्राइंडिंग. आपल्या पोलादबाजारात आजही 'ईएन आठ', 'ईएन चोवीस' असे नंबर चालतात. हे ब्रिटनमधले युद्धकाळातले नंबर. त्यांच्या मायदेशानं ते कधीच बाजूला ठेवले. इथं मात्र शाळा अर्धवट सोडलेल्या पोरांनासुद्धा ते पाढ्यांसारखे पाठ आहेत. या माणसांना आपण 'अशिक्षित पण कल्पक' म्हणतो आणि त्यांच्या कामाला जुगाड. त्यांना तो शब्द आवडत नाही, हे कुणी विचारलंय का? आमच्या मिस्त्रींच्या तोंडी कामाचे दोनच प्रकार असतात, पाकुं आणि कामचलाउ. दुसऱ्या प्रकारचं काम त्यांनाही करावं लागतं, पेरणी तोंडावर असताना करावंच लागतं, पण ते त्याचं कौतुक ऐकून घेत नाहीत.

आणि खरं जुगाड काय असतं, तेही सांगते. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या शाफ्टवर पुष्कळदा एक ठरलेल्या ताकदीचा बोल्ट असतो. दगड अडकला तर आधी तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा, यासाठीच तो घातलेला. दोनदा तुटला की वैतागून कुणीतरी त्या जागी डोक्यावर ८.८ कोरलेला दणकट बोल्ट घालतो. पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहतो आणि गिअरबॉक्स फुटतो. फिरत्या शाफ्टवरचं तुटलेलं आवरण फेकून देणं हेही जुगाडच. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या त्या शाफ्टला धोतराचं किंवा ओढणीचं टोक लागलं तर काय होतं, ते इथं लिहीत नाही.

माझी खरी तक्रार मात्र मिस्त्रींच्या वतीनं नाही, माझ्या धंद्याच्या वतीनं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका गुजराती कथेचा मराठी अनुवाद केला. गॅरेजमध्ये घडणारी कथा. 'बिगेनचं मेटल गेलं' असं एक वाक्य मी लिहिलं होतं. गॅरेजात कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला बिगेन म्हणतात आणि तिथल्या बेअरिंगच्या दोन अर्धगोल पाळ्यांना मेटल म्हणतात. मुंबईपासून अमृतसरपर्यंत म्हणतात. मुद्रितांत ते 'मोठ्या टोकाचा धातू झिजला' असं होऊन आलं. 'दोन सूत' चं 'दोन धागे' झालं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुताराच्या घरातल्या पोराला विचारलं असतं तरी कळलं असतं. 'आटे' च्या जागी 'पेच' आलं, जे कदाचित चाललंही असतं, पण त्याच पानावर कथानकाचाही पेच होता. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की सर्वसामान्य वाचकाला हे शब्द कळणार नाहीत. पुस्तक निघालं तेव्हा मलपृष्ठावर छापलेलं होतं: 'भारतीय जुगाडाची हृद्य कथा'.

हा सर्वसामान्य वाचक कोण? ग्रामीण कथेत रुमणं, हाळीस, जू, शिवळा, फाळ हे शब्द तो बिनतक्रार वाचतो. त्याच्या स्वयंपाकघरात नांगर नसतो, तरी वाचतो, कारण दोन-तीन पिढ्यांच्या लेखकांनी ते शब्द त्याच्या कानावर घातले. ट्रॅक्टर आपल्या शेतांत आला त्याला साठ वर्षं होऊन गेली. आपल्या कथांत तो बहुधा लांबून येतो, धूर सोडतो, बैल विकायला लावतो आणि निघून जातो. त्याचं बॉनेट कुणी उघडत नाही. टॉपलिंक, लिफ्ट, नोझल, एलिमेंट, क्राउन-पिनियन हे शब्द मराठी तोंडांत रोज आहेत आणि मराठी पानांवर जवळजवळ नाहीत. दुसऱ्या बाजूला परिभाषाकोशांत धारवा, दट्ट्या, दंतचक्र आहेत. ते चांगले शब्द आहेत, दट्ट्या तर मला मनापासून आवडतो, पण ते घेऊन कुठल्याही दुकानात जाऊन बघा.

स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' मध्ये ट्रॅक्टर घरं पाडत येतो, हे तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला शिकवलं गेलं. त्याच कादंबरीत दोन भाऊ भंगाराच्या अड्ड्यावरून कनेक्टिंग रॉड आणून रस्त्यातच मोटारीचं इंजिन दुरुस्त करतात, तपशीलवार, पानंच्या पानं. ती पानं कुणी शिकवली नाहीत. ट्रॅक्टर प्रतीक होता, तेव्हा महत्त्वाचा. कनेक्टिंग रॉड कशाचंच प्रतीक नाही, तेव्हा वगळा. माझ्या मते त्या कुटुंबाबद्दल जे कळायचं ते त्या दुरुस्तीतच जास्त कळतं.

या अंकाच्या वाचकांना अनेक भाषा येतात, म्हणून एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवते. स्क्रूवरच्या त्या चढत्या रेघेला मराठीत आटे, गुजरातीत आंटा, हिंदीत चूडी, बंगालीत प्याँच, तमिळमध्ये मरै. एका भाषेला तिच्यात फेरा दिसला, एकीला बांगडी, एकीला पीळ. हे शब्द कुठल्या समितीनं घडवले नाहीत. एखादा शब्दसंग्रह या पाच कारखान्यांत वही घेऊन बसल्याशिवाय होणार नाही, आणि ज्यांच्याकडून तो घ्यायचा त्यातले अनेक जण सत्तरीत आहेत. आपण दर वर्षी अनुवादावर चर्चासत्रं घेतो. त्यातलं एकही आजवर लेथच्या आवाजात झालेलं मी पाहिलं नाही.

'पण जुगाड हा लोकांचा शब्द आहे, त्यात त्यांचा चिवटपणा आहे,' असं मला सांगितलं जाईल. चिवटपणा आहेच. पण त्याचं गाणं झालं की एक सोय होते: भाग का मिळत नाहीत, हे कुणाला विचारावं लागत नाही. २०१६ साली केंद्र सरकारनं पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. ते ट्रॅक्टर शेतांत होतेच. उत्पादन थांबवताना झिजणाऱ्या भागांची रेखाचित्रं, पोलादाचे नंबर आणि मापं सार्वजनिक करावीत, असा नियम करता येतो. २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं शेतकऱ्याला आपलं यंत्र दुरुस्त करता यावं यासाठी २०२३ मध्ये कायदाच केला. नव्या ट्रॅक्टरांत संगणक आल्यावर हा प्रश्न आट्यांवर थांबणार नाही. दोन एकरवाल्याला नवा ट्रॅक्टर परवडत नाही, जुना परवडतो, आणि जुना चालतो तो सुट्या भागांवर. त्यानं जोडूनजुळवून भागवलं याचं कौतुक करणारा लेख त्याला एक बोल्टही मिळवून देत नाही.

मग शब्द कुठला वापरायचा? दुरुस्ती. फारसीतल्या 'दुरुस्त' वरून आलेला, म्हणजे बरोबर, नीट. तो आपल्याकडे शतकानुशतकं आहे. घाईचं काम असेल तिथं तात्पुरती दुरुस्ती म्हणा. वाईट असेल तिथं वाईट काम म्हणा.

गिअर बसला आहे. आता अडलंय ते लिफ्टच्या कंट्रोल व्हॉल्व्हवर. त्याचं ओतीव घर चिरलेलं आहे आणि ते मापावर मिळणाऱ्या वस्तूंपैकी नव्हे. भटिंड्याकडच्या एका माणसाकडे दोन आहेत असं कळलं होतं. त्यानं फोटो पाठवले, त्यातलं एक निराळ्याच मॉडेलचं निघालं. दुसऱ्यावरचा ओतकामातला नंबर घासला गेलाय. मिस्त्री म्हणतात, शिसपेन्सिलीनं कागदावर घासून त्याचा ठसा घ्यायला सांगा, शेवटचे दोन आकडे वाचता आले तरी पुरे.