गिलाव्याआधी एवढं बघून घ्या

मुखेड तालुक्यात ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे, त्यांना कळकळीची विनंती आहे. भिंतींना गिलावा होण्याआधी इंटरनेटच्या वायरचा विचार करा, आणि वायर तांब्याचीच घ्या.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची, आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना 2011 साली मंजूर झाली. पण फायबर दारापर्यंत आलं तरी दारापासून मागच्या खोलीपर्यंतचं काम आपलंच असतं. राऊटर बैठकीत आणि नीटचा अभ्यास करणारी लेक मागच्या खोलीत, असं बहुतेक घरांत असतं. जुन्या दगडमातीच्या रुंद भिंतीत वायफायचा जीव जातो, स्लॅबखालीही तो मंदावतो. तिथं वायरच कामाला येते.

दुकानात वायरीचे दोन डबे सारखेच दिसतात आणि त्यातला एक बराच स्वस्त असतो. तो बहुधा सीसीएचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला. टोक सोला, एक बारीक तार धरून ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी चकाकी दिसली की डबा परत करा. अस्सल तांबं कितीही खरवडलं तरी लालसरच राहतं. डबा उचलूनही फरक कळतो, कारण ॲल्युमिनियम हलकं असतं. एवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज दिली तर ती तापते. चार वेळा वाकवली की तार तुटते, आणि तुटली ती भिंतीच्या आत!

पैसे वाचवायचे असतील तर भलत्या महाग वायरीवर वाचवा. घरासाठी कॅट सहा पुरेशी आहे. 100 मीटरपर्यंत ती 1 गिगाबिटचा वेग देते. कॅट सात आणि आठची घरात गरज नाही. मात्र कनेक्टरला आठही तारा जोडून घ्या. चारच जोडल्या तर वेग 100 मेगाबिटवर अडकतो, आणि 300 च्या प्लॅनचे पैसे दरमहा वाया जातात.

ही वायर लाइटच्या वायरीच्या पाईपात कधीच घालू देऊ नका. त्यानं इंटरनेटमध्ये अडथळा येतो, आणि लाइटची वायर सोलली गेली तर राऊटरला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. पाईप वेगळा टाका आणि आत ओढायला एक दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढं वायर बदलताना भिंत फोडावी लागत नाही.

गच्चीवरून जाणारी वायर बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची घ्या. घरातली साधी वायर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तडकते. एका घरातून दुसऱ्या घरात लाइन न्यायची असेल तर तांबं नको, धातूची तार नसलेलं फायबर टाका. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर तांब्यातून झटका दोन्ही घरांतल्या यंत्रांपर्यंत जातो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही.

मिस्त्री आणि वायरमन दोघांनाही हे आधीच सांगून ठेवा. बिलावर ‘पूर्ण तांबे, कॅट सहा’ असं लिहून घ्या. काम झालं की प्रत्येक खोलीत वायर लॅपटॉपला लावून वेग तपासा, आणि मगच राहिलेले पैसे द्या.