गाडी त्यांची, कागद आपले

गाडीच्या कागदांचा विषय निघाला, की आपण बायका हळूच चहा टाकायला उठतो. लायसन, पासिंग, विमा, आरटीओ, एजंट... हे सगळं पुरुषांचं खातं, असं आपण न ठरवताच ठरवून टाकलंय. पण शेतकरी घरातली जुनी पिकअप किंवा टेंपो कायद्यात अडकला, की पैसा कुणाच्या गळ्यातून आणि कानातून उभा राहतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून मैत्रिणींनो, आज या कोरड्या विषयावर बोलू या.

निमित्त आहे सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाचं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की ज्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे साध्या भाषेत कारचं लायसन आहे, तो ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो. हे वजन गाडी आणि माल मिळून मोजायचं. त्यासाठी लायसनवर 'ट्रान्सपोर्ट'ची वेगळी नोंद लागत नाही. कोर्टाने २०१७ मध्येही हेच म्हटलं होतं. पण अपघात झाला की विमा कंपन्या नेमकं या नोंदीवर बोट ठेवून भरपाई नाकारत. त्यावर आता पडदा पडला.

"आमचाच टोमॅटो, आमचीच गाडी, मग ट्रान्सपोर्ट कसलं?" असं अनेक घरांत म्हणतात. कायदा तसं बघत नाही. गाडी माल वाहण्यासाठी बनवली असेल, तर ती भाड्याने फिरो की घरचा माल नेवो, ती मालवाहू गाडीच. म्हणून या निकालाने पिकअपवाल्या असंख्य घरांना दिलासा मिळाला. मात्र तो फक्त लायसनपुरता आहे, हे आपण विसरायचं नाही. लायसनची मुदत संपलेली असेल, तर निकालाचा उपयोग नाही. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असे, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणीच द्यावी लागते.

आता गाडीच्या वयाकडे येऊ. "पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात," असं पारावर सर्रास ऐकू येतं. आपल्या महाराष्ट्रात खासगी गाडीबाबत हे खरं नाही. वयाचे कडक निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी कोर्टाच्या आदेशांनी आले. सरकारी गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून लागली. घरच्या ट्रॅक्टरची किंवा कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पिकअप-टेंपोचं गणित वेगळं आहे. त्यांचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. पासिंग संपलं, की कायद्याच्या लेखी गाडीची नोंदणीही वैध राहत नाही, मग आरसी बुक कपाटात कितीही जपून ठेवलेलं असो.

खरी अडचण आहे पैशांची. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली. मालवाहू गाड्यांच्या पासिंगची फीही तेव्हा वाढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडीच्या वयाप्रमाणे टप्पे पाडून आणखी वाढवली गेली. वर आपल्या राज्यात २०१० पासून जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे. जुन्या गाड्या धूर ओकतात, ब्रेक धड लागत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावरून हटाव्यात, हा सरकारचा हेतू. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण रोज मुंबई-पुणे करणारा टेंपो आणि हंगामात चार वेळा बाजार समितीत जाणारा टेंपो यांना फी एकच. ज्याला नवी गाडी परवडत नाही, तोच जुनी वापरतो, आणि फी वाढते तीही जुन्याचीच.

मग काय होतं? "गावातल्या गावात तर फिरवायची" असं म्हणून पासिंग राहतं. पासिंग नाही म्हणून विम्याचंही टाळलं जातं. आणि अशा गाडीच्या मागे बसतं कोण? आपल्याच बाया. खुरपणीला, कापूस वेचायला, हळद काढायला निघालेल्या. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगावात मजूर महिलांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. ती बातमी वाचून आपण हळहळलो, पण दुसऱ्या दिवशी ट्रॉल्या तशाच भरून निघाल्या.

यातली कायद्याची बाजू प्रत्येकीला माहीत हवी. मालवाहू गाडीत नुसतं प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाची भरपाई देण्याची सक्ती विमा कंपनीवर नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. मालाबरोबर बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट वेगळी. म्हणजे विमा भरलेला असला, तरी मागे बसलेल्या मजूर बाईच्या घरी काही पोचेलच याची खात्री नाही. आणि लायसन किंवा विमा नसेल, तर भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या घरावर, शेतीवर येऊ शकतो. दोन्हीकडे चूल बाईचीच विझते.

दुसरी गोष्ट मुलांची. "आमचा बंड्या आठवीतच ट्रॅक्टर चालवायला लागला," हे आपण कौतुकाने सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. पालक म्हणजे फक्त बाप नव्हे, बरं का.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक, म्हणून कुणी बोलत नाही. गाडी बहुतेक नवऱ्याच्या नावावर असते. त्याचं काही बरंवाईट झालं, तर घरातल्या दिवसकार्याच्या धांदलीत गाडीचे कागद कुणाला सुचतात? नियम मात्र थांबत नाही. मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा, तो ३१ नंबरच्या फॉर्मवर. गाडीची विमा पॉलिसीही वारसांसाठी जास्तीत जास्त तीन महिनेच चालते, त्याआधी मुदत संपली तर तेवढीही नाही. या काळात दीर-भाचे गाडी फिरवत राहतात आणि पुढे अपघात झालाच, तर उत्तर द्यायला उभी राहते ती विधवा. २०२१ पासून आरसीवर वारसाचं नाव नोंदवायची सोय झाली आहे. बँकेच्या खात्याला जसं नॉमिनी लावतो, तसंच हे. नवरा-बायकोने धडधाकट असतानाच हे करून टाकावं. त्यात अशुभ काही नाही.

तर मग करायचं काय? एक जाड फाइल घ्या. त्यात आरसी, पासिंग, विमा, पीयूसी, चालवणाऱ्याचं लायसन, सगळ्याच्या प्रती ठेवा. प्रत्येकाची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलिंडरची लिहितो तशी. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकायला सांगा, पासिंग आणि विमा कधी संपतो ते तिथे दिसतं. आरटीओत नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. फी किती, हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, सरकारी पोर्टलवर पाहा. आणि ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न नक्की विचारा: वर्षात मोजकेच दिवस चालणाऱ्या शेतीच्या गाडीला फीमध्ये वेगळी सवलत का नको, आणि तपासणीचं शिबिर तालुक्याला का नको? मागितल्याशिवाय आपल्याला कुणी काही दिलेलं नाही, ना एसटीचं अर्धं तिकीट, ना सातबाऱ्यावरचं नाव.

आज संध्याकाळी गाडीचा विषय निघाला, तर चहा त्यांना टाकू द्या. तुम्ही कागद बघा.