मुलांच्या सवयी कोणी लावावयाच्या?

जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे शहरांतील घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मुलगा वेळेवर उठत नाही, दात घासण्यास दहादा सांगावे लागते, दप्तर आवरीत नाही, आणि रात्री हातातील मोबाइल काही केल्या सुटत नाही. ही तक्रार करणारे गृहस्थ मास्तरांस दोष देतात, शिकवणी लावतात आणि तेवढ्याने आपले कर्तव्य संपले असे मानतात. आमचे मत निराळे आहे. सवय उपदेशाने लागत नाही; ती घरच्या रीतीने लागते. घरालाच रीत नसेल तर मुलाला सवय कोठून लागावी?

आमच्या व्यापारी वाचकांस हे समजणे कठीण जाऊ नये. कीर्द वहीत असो वा संगणकात, दिवसाची शिल्लक जुळल्यावाचून चोख व्यापारी दुकान बंद करीत नाही. त्याकरिता तो रोज नवा निश्चय करतो काय? मुळीच नाही. वेळ, जागा व क्रम ठरलेला असल्यामुळे ते काम हातून आपोआप होते. मुलांसही हाच न्याय लागू आहे. जेवण झाले की दात घासणे, मग दप्तर भरणे, मग अंथरूण. असे एका कामाशी दुसरे जोडून दिले म्हणजे वारंवार सांगण्याचे कारण हळूहळू उरत नाही.

मात्र यास धीर हवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रौढांस एखादे साधे काम अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असे आढळले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडले नाही. जाणत्या माणसांची ही स्थिती, तर आठ दिवसांत पोर सुधारले नाही म्हणून त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का मारणे हा शुद्ध अन्याय होय.

दुसरी गोष्ट सोयीची. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा टेबल-खुर्च्या मुलांच्या बेताच्या करविल्या व हातपाय धुण्याची जागाही लहानग्यांचा हात पोहोचेल एवढी ठेंगणी ठेविली. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी आपल्याकडे रुजविली. ताराबाईंनी १९४५ साली ती बोर्डीसारख्या खेड्यात नेली. आमच्या घरांत मात्र खुंटी बापाच्या खांद्याएवढी, आणि सदरा जमिनीवर टाकला म्हणून रागावणे मुलावर! एक खुंटी खाली ठोकण्यास कितीसा खर्च येतो?

आता जी गोष्ट पुष्कळांस रुचणार नाही, तीही सांगितली पाहिजे. एकाच घरात मुलगी सातव्या वर्षी सर्वांची ताटे उचलू लागते, आणि तिचा भाऊ सतरा वर्षांचा झाला तरी स्वतःचे उष्टे ताट टाकून उठतो. त्याला आपण पुरुषाचा स्वभाव म्हणतो. तो स्वभाव नव्हे. तीही सवयच आहे, आणि ती आपणच मोठ्या निष्ठेने लाविली आहे. चांगल्या सवयींची वाटणी मुलगा-मुलगी पाहून करणाऱ्या घराने शिस्तीच्या गोष्टी बोलू नयेत.

कोणी म्हणेल, दिवस नोकरीधंद्यात जातो, वेळ कोठून आणावा? आमचे उत्तर असे की, येथे वेळेपेक्षा वडीलधाऱ्यांच्या वर्तनाची गरज अधिक आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस दररोज नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. परंतु बाप अंथरुणात मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहत असता मुलाने नऊ वाजता डोळे मिटावे, ही अपेक्षा व्यर्थ होय. घरातील सर्वांचे मोबाइल रात्री एका ठरलेल्या फळीवर ठेवावे, आणि पहिला मोबाइल बापाने ठेवावा.

आमची सूचना लहानशी आहे. एकच सवय निवडा, तिची वेळ ठरवा, मुलगा व मुलगी यांस ती सारखीच लावा, आणि दोन-तीन महिने स्वतः पाळून दाखवा. ज्यांस रोजची शिल्लक जुळविता येते, त्यांस हे जमणार नाही असे आम्हांस वाटत नाही.