पाय कोणाचे आणि धुणारा कोण?

नागपुरात सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे रोमन कॅथॉलिकांचे मोठे देऊळ आहे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सायंकाळच्या उपासनेत पाय धुण्याचा विधी करण्याची चाल कॅथॉलिक देवळांत जगभर आहे. धर्मगुरू अंगावरचे भरजरी वस्त्र उतरवून ठेवतो, कमरेला पंचा गुंडाळतो, आणि ओळीने बसविलेल्या माणसांपुढे (बहुधा ती बारा असतात) गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतो व पुसतो. आमचा शेतकरी वाचक विचारील, ख्रिस्त्यांच्या देवळातील पाण्याशी आमचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. पाय धुण्यापायी आमच्या लोकांची जितकी नागवणूक झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाची झाली असेल.

भटजी ओसरीवर आला की घरधन्याने पाट मांडावा, त्याचे पाय धुवावे, ते पाणी तीर्थ म्हणून ओठांना लावावे आणि वर दक्षिणा द्यावी, ही रीत पणज्या-आज्यांच्या काळी गावोगाव होती. तिला आधार पुराणांचा. भृगू ऋषीने विष्णूच्या छातीत लाथ मारली, तर विष्णूने उलट त्याचाच पाय चेपीत विचारले, की महाराज, आपल्या पायाला लागले तर नाही ना! राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम पत्करले, ही कथा भागवतात आहे. कथेतला देव नम्र आहे, यात शंका नाही. पण त्या नम्रतेचा अर्थ आम्हांला काय सांगण्यात आला? देव ज्यांचे पाय धरतो त्यांचे तुम्ही का धरू नयेत, असा! म्हणजे देव वाकला तो वाकला, आणि वरचा पाय आणखी वर जाऊन बसला.

आता ख्रिस्ती लोकांची मूळ कथा पाहा. ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. येशूला धरून नेले त्याच रात्री आधी तो शिष्यांसह जेवावयास बसला होता. त्या देशात धुळीच्या वाटा, पायांत नुसत्या वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुणे हे दासाचे काम. येशू पानावरून उठला, कमरेला वस्त्र गुंडाळले, भांड्यात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्र नावाचा शिष्य होता कोळी, मासे धरून पोट भरणारा. तो पाय मागे घेऊन म्हणू लागला, की आपण माझे पाय कधीही धुवावयाचे नाहीत.

या पेत्राची अवस्था आमच्या कुणब्याला, तेल्याला, कोष्ट्याला सांगावी लागत नाही. तहसीलदार अचानक ओसरीवर येऊन घोंगडीवर टेकला तर आम्ही कसे कानकोंडे होतो! वरचा मनुष्य खाली बसला की खालच्याला आनंद होत नाही, भीती वाटते. कारण खाली राहण्याची सवय आमच्या हाडांत शिरलेली आहे. येशूने त्याचे ऐकले नाही. सर्वांचे पाय धुऊन झाल्यावर त्याने सांगितले, की मी गुरू असून तुमचे पाय धुतले, तसे तुम्ही एकमेकांचे धुवावे. सगळी ग्यानबाची मेख त्या ‘एकमेकांचे’ शब्दात आहे. गुरूचे धुवा असे तो म्हणाला नाही. गुरूने वर्षातून एक दिवस शिष्यांचे धुवावे, असेही म्हणाला नाही.

पण जेथे आज्ञा आहे तेथे तिला बगल देणारेही आहेत, मग धर्म कोणताही असो. इंग्लंडचे राजे पूर्वी या दिवशी गरिबांचे पाय धुवीत. सतराव्या शतकानंतर राजाने स्वतः धुण्याचे सोडले, पुढे धुणेच बंद पडले. आता राजा आपल्या वयाच्या वर्षांइतक्या पेन्सची खास पाडलेली नाणी वृद्ध स्त्रीपुरुषांना वाटतो. पाण्याची जागा पैशाने घेतली. दक्षिणेचा हा विलायती मासला म्हणावा! ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ दरसाल बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादशहाच असे. रोमच्या धर्मपीठाच्या नियमात या विधीसाठी पुरुषच सांगितलेले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या, आणि एक मुलगी मुसलमान. १९५५ च्या सुधारणेपासून चालत आलेला तो पुरुषांचा नियम २०१६ साली त्यांनी बदलला. एवढी साधी गोष्ट पदरात पडावयास बायकांना २०१६ उजाडावे लागले, आणि तरीही केरळातील सीरो-मलबार पंथाच्या धुरीणांनी पुढच्याच वर्षी आमच्याकडे पुरुषच राहतील असे कळविले.

याहून निराळी एक चाल आहे, आणि तिचा आमच्या नागपूरशी संबंध आहे. १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाऊ गावी आठ माणसांनी एक पंथ काढला. सरकारी धर्माने छळले म्हणून ते लोक अमेरिकेत गेले. त्यांना ब्रदरन, म्हणजे भाऊबंद, म्हणतात. त्यांचे मिशनरी १८९४ साली गुजरातेत बलसाड येथे आले, आणि पुढे डहाणूच्या मराठी मुलखात. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची एक मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन केली; त्या सहांत हे ब्रदरनही होते. काही पुढे वेगळे झाले, तो त्यांच्या घरातला वाद.

यांची रीत अशी. प्रीतिभोजनाच्या रात्री सर्व सभासद मेजाभोवती बसतात, पुरुष एकीकडे, स्त्रिया एकीकडे. एकजण उठतो, पंचा बांधतो, शेजाऱ्याचे पाय धुऊन पुसतो. ज्याचे पाय धुतले तो उठून तोच पंचा आपल्या कमरेला बांधतो आणि पुढच्याचे धुतो. दोघे एकमेकांना मिठी मारतात. अशी पाळी फिरत फिरत सर्वांवरून जाते. मग सर्वांनी मिळून जेवावयाचे, आणि जेवणानंतर भाकर आणि प्याला. सावकार असो की त्याचे कूळ, शेजारी जो बसला असेल त्याचे पाय हातात घ्यावे लागतात आणि आपले त्याच्या हातात द्यावे लागतात. एकाने धुवावे व दुसऱ्याने पुसावे, की दोन्ही एकानेच करावे, यावरून या भाऊबंदांत गेल्या शतकाच्या आधी मोठी रणे माजली होती, माणसेच ती! पण धुणारा कायमचा धुणारा नाही आणि धुवून घेणारा कायमचा मालक नाही, यावर त्यांच्यात कधी वाद झाला नाही. कॅथॉलिक विधीपेक्षा ही रीत आम्हांला अधिक खरी वाटते. एका मोठ्याने बारा लहानांपुढे वाकणे यात मोठेपण वाकणाऱ्याकडेच राहते.

म्हणून ख्रिस्ती समाजात जात धुऊन निघाली, असे कोणी समजू नये. गोव्यातील देवळांच्या कोन्फ्रारींत बामण, चारडो आणि सुदिर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले. तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांची कबरस्थाने निराळी ठेवल्याची उदाहरणे आहेत. भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले. त्यात १ कोटी ९० लाख कॅथॉलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे सांगून, अस्पृश्यता मंडळीत आहे हे कबूल केले. पाय दरसाल धुतले गेले, पण मसणवटीतली भिंत उभीच राहिली. तरी त्यांनी लेखी कबूल तरी केले. आमच्या किती मठांनी आणि पीठांनी एवढे केले आहे?

२०१९ च्या २४ फेब्रुवारीस प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. देशाच्या पंतप्रधानाने भंग्याचे पाय हाती घ्यावे ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण गटारात माणूस उतरविण्याला १९९३ आणि २०१३ सालचे कायदे असूनही माणसे उतरत होती व गुदमरून मरत होती. २०२३ च्या २० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की अशा मृत्यूबद्दल ३० लाख रुपये द्या. ज्याचे पाय धुतले त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घाणीत पाय घालावा लागणार असेल, तर ते पाणी कोणासाठी ओतले?

वऱ्हाडाला हे नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा जातीने परीट. ते पायांवर कोणाला डोके ठेवू देत नसत. गावात शिरले की हातात खराटा घेत आणि ज्यांना देव-देवळात शिरू देत नाहीत त्यांच्यासह गाव झाडीत. दुसऱ्याचे कपडे धुणाऱ्या जातीच्या या माणसाने स्वतःचे पाय कधी धुवून घेतले नाहीत.

आता आमच्या घराकडे वळू. भटजीच्या पायाचे तीर्थ आज बहुतेकांनी सोडले. पण लग्नात मुलीचा बाप आणि आई, उपाशीतापाशी, नवरदेवाचे पाय धुतात. साठ वर्षांचा शेतकरी, कपाशीचे पीक गेलेले, लग्नासाठी कर्ज काढलेले, तो पंचवीस वर्षांच्या पोरापुढे ओणवा होतो, आणि त्या पोराचा बाप खुर्चीवर बसून पाहतो. हे कन्यादान म्हणे! जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ च्या डिसेंबरातच भटाविना लग्न लावून दाखविले. त्यात वधूवरांनीच एकमेकांना वचने दिली. दीडशे वर्षे झाली, आणि आम्ही घंगाळ अजून मांडतोच आहोत.

येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मुलगा उजवावयाचा आहे त्यांना आमची विनंती आहे. मुलीकडच्यांनी घंगाळ आणले तर वरपित्याने आधी खाली बसावे आणि व्याह्याचे पाय स्वतः धुवावे. मग व्याह्याने त्याचे. विहीणबायांनी तसेच. लाज वाटेल, लोक हसतील, भटजी मुहूर्त टळतो म्हणून ओरडेल. एका गावात एका घरी हे झाले तर त्या घराचे नाव-गाव आम्हांला कळवावे; पुढच्या अंकात छापू.