उतावळे कोण?

'रोमिओ आणि ज्युलिएट'चा विषय निघाला, की आपल्यातील शहाणीसुरती मंडळी एक ठरलेला निकाल देऊन मोकळी होतात : पोरे उतावळी होती, पहिल्या नजरेत भाळली आणि जिवास मुकली! ज्युलिएटला चौदा वर्षेही पुरी झालेली नाहीत. रोमिओ तर तिच्या घरच्या मेजवानीला गेला तो रोझालिन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी. असल्या प्रेमाचा भरवसा काय? अठराव्या शतकात गॅरिकसारख्या थोर नटाने आपल्या रंगावृत्तीतून ही रोझालिनच गाळून टाकली.

हा निकाल मला साफ नामंजूर आहे.

त्या मेजवानीचा प्रवेश पुन्हा वाचावा. रोमिओ ज्युलिएटला पाहतो, त्याच वेळी तिचा आतेभाऊ-मामेभाऊ जो कोण टिबाल्ट, तो मुखवट्याआडच्या रोमिओचा नुसता आवाज ऐकतो, हा माँटेग्यू आहे हे ओळखतो आणि तलवार मागवतो. रोमिओने त्याचे काय बिघडवले होते? काहीही नाही. आवाज ऐकताच उसळणाऱ्या या द्वेषाला कोणी टीकाकार उतावळा म्हणत नाही. आणि ते दोघे? त्यांचे पहिले संभाषण म्हणजे दोघांनी मिळून पुरे केलेले एक चौदा ओळींचे सुनीत आहे. एकमेकांची नावे त्यांना त्यानंतर कळतात. द्वेषाने आधी आडनाव पाहिले; प्रेमाने माणूस पाहिला. मग आंधळे कोण?

आता घाईचा हिशेब मांडू. शेक्सपिअरने ही कथा आर्थर ब्रूकच्या १५६२ सालच्या काव्यावरून घेतली. ब्रूककडे ती कित्येक महिने चालते. नाटकात रविवारी सुरू होऊन गुरुवारी पहाटे संपते. रविवारी भेट, सोमवारी लग्न. घाई झाली, कबूल! पण ती चोरून का करावी लागली? दोन घराण्यांत हाडवैर होते म्हणून. त्या वैराचे कारण नाटकभर कोणी सांगत नाही. बहुधा त्या घरांनाही ते आठवत नसावे.

आणि वडीलधारे? ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट पॅरिसला आरंभी सांगतो, अजून दोन उन्हाळे थांबा. तोच गृहस्थ सोमवारी रात्री मुलीला न विचारता गुरुवारचे लग्न ठरवतो. ती नाही म्हणताच तिला रस्त्यावर काढण्याची धमकी देतो. ती शरण येताच लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारवर ओढतो! तेराव्या वर्षी मुलीने नवरा निवडला तर अविचार. बापाने तो तिच्या गळ्यात बांधला तर व्यवहार! हा कोणता न्याय?

रोमिओ टिबाल्टला मारतो, ही त्याची चूक मी झाकत नाही. पण त्याआधी त्याने भांडण टाळण्याची शिकस्त केली होती. मर्क्युशिओ पडल्यावर तो हातघाईवर आला, तेव्हा तो प्रेमिक राहिला नव्हता. तो पुन्हा माँटेग्यू झाला होता.

हे सारे व्हेरोनाचे म्हणून सोडून देता आले असते, तर हा लेख लिहिला नसता. जातीबाहेर लग्न केले म्हणून बापाने लेकीला, भावाने बहिणीला संपवल्याच्या बातम्या आपल्याकडे आजही येतात. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कुटुंबाची वा पंचायतीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली स्पष्ट सांगावे लागले. आणि तरीही अशा बातमीवर चहा पिता पिता पहिला उद्गार निघतो तो, 'पोरांनी जरा थांबायला हवे होते!' मारणाऱ्याने थांबायला हवे होते, असे कोणी म्हणत नाही.

नाटकाच्या अखेरीस दोन्ही बाप प्रेतांपुढे हात मिळवतात. माँटेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारू म्हणतो. कॅप्युलेट म्हणतो, रोमिओचाही तितकाच भारी उभारीन. तिथेही बरोबरी! त्या सोन्याचे कौतुक मला नको. त्या बापाने आपल्याच शब्दाला जागून दोन उन्हाळे कळ काढली असती, तरी पुरे होते.